बाईंचा धाकटा

नोकरीच्या पहिल्याच दिवशी बाईंनी मला मशीन बंद पाडायला सांगितलं.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. धंतोलीत एका खाजगी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं लहानसं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. सॉफ्टवेअर म्हणजे काय हे तेव्हा घरी समजावून सांगावं लागे. माझ्या वडिलांनी तर हिंगणघाटला सगळ्यांना सांगून टाकलं होतं की पोरगी दवाखान्यात लागली. ते अगदीच खोटं नव्हतं. खालच्या हॉस्पिटलातल्या पेशंटची नोंद, खाटा, औषधं, बिलं, सगळं आमच्या प्रोग्रामवर चालायचं. त्यासाठी दोन मशिनं होती, दोन्हींवर युनिक्स नावाची प्रणाली. एक खाली रेकॉर्ड रूममध्ये, ज्याच्यावर खरं काम चाले. दुसरं वर आमच्याकडे. त्याच्यावर आम्ही नवे प्रोग्राम लिहायचो, घोटायचो, आणि जमलं की मग खाली नेऊन चढवायचो. बाई खालच्याला थोरला म्हणत आणि वरच्याला धाकटा. दोघांचा सांभाळ त्यांच्याकडे होता.

“थोरल्याले हात लावाचा नाही,” मला समोर बसवून त्या म्हणाल्या. “धाकट्याचं काय कराचं ते कर. आज त्याले पाडून दाखव.”

“पाडून म्हणजे?”

“म्हणजे बंद पाड. असा पाड, का साध्या उपायानं उठला नाही पाह्यजे.”

मला वाटलं, ही नव्या मुलीची गंमत चालली आहे. पण बाई आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि वाट पाहू लागल्या. घरी रेडिओचं बटण फिरवायलाही मी भावाला विचारायची, आणि इथे कोणाच्या तरी लाखाच्या मशीनची वाट लावायची होती. जेवणाची सुटी होऊन गेली तरी मी हिरव्या अक्षरांकडे बघतच बसले होते. शेवटी डोळे मिटून, ज्या फाइलींवर सगळा डोलारा उभा होता त्याच मी पुसून टाकल्या. एकेक करत सगळ्यांचे टर्मिनल, म्हणजे धाकट्याला जोडलेले पडदे आणि कीबोर्ड, गोठले. कोपऱ्यातून कोणीतरी ओरडलं. बाई उठल्या आणि जिन्याच्या कठड्यावरून खाली चहावाल्याला हाक मारली, “सगळ्यायसाठी चहा! नव्या पोरीनं पाडला!”

चहा झाल्यावर त्यांनी माझ्या हातात सगळ्या फाइलींची प्रत असलेली टेप दिली. “आता उठव त्याले. तूच उठव.” संध्याकाळपर्यंत त्या माझ्या मागे उभ्या होत्या, पण एकदाही त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही. धाकटा जेव्हा पुन्हा सुरू झाला तेव्हा मला जे वाटलं ते पदवीच्या निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

बाई चाळिशीच्या असतील. ठेंगण्या, केस घट्ट बांधलेले, आणि मशीनच्या खोलीत ए.सी. असल्यामुळे ऐन मे महिन्यातही अंगावर तपकिरी शाल. बाहेर नागपूर भाजून निघत असायचं आणि बाई शाल पांघरून आत जायच्या. चपला दाराबाहेर काढल्याशिवाय त्या कोणालाही आत येऊ देत नसत, साहेबांनासुद्धा नाही. साहेब म्हणजे आमच्या ऑफिसचे मालक. त्यांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, हे आम्हाला त्यामुळेच कळलं.

बाईंचे वडील मिलमध्ये कामाला होते. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून धम्मदीक्षेची गर्दी पाहिल्याचं बाईंना आठवत होतं. त्या दिवशी घरी परतल्यावर वडील एवढंच म्हणाले होते, की आता तू पाहिजे तेवढं शिक. बाईंनी ते अक्षरशः घेतलं. गणितात एम.एस्सी. केलं, कॉलेजात शिकवलं, मग एक दिवस कुठेतरी कॉम्प्युटर पाहिला आणि कॉलेज सोडून दिलं. “पोट्ट्यायले शिकवलं का ते हो हो म्हणतात,” त्या म्हणत. “हा हो म्हणत नाही. चुकलं का चुकलंच सांगते. मले हा बरा.”

त्या मशीनशी बोलायच्या. मनात नाही, चांगलं मोठ्यानं. “काहून अडून राहिला गा? सकाळी तर बरा होता.” प्रोग्राम सुरळीत चालला की टर्मिनलच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, “शहाणा हायेस.” आम्ही आधी हसायचो. नंतर आम्हीही बोलायला लागलो.

युनिक्सची नवी आवृत्ती आली, की ती अजून कच्ची आहे, तिच्यात दोष आहेत, असं कंपनीच स्वतः लिहून कळवायची. शहाणी माणसं थांबायची. बाई टेप आल्याच्या दिवशीच ती धाकट्यावर चढवायच्या. मग कधी प्रिंटर रुसायचा, कधी घड्याळ मागे जायचं, कधी सगळंच झोपायचं. आम्ही कुरकुरायचो. बाई म्हणायच्या, “धाकटा पडते म्हणून थोरला उभा हाये. खाली पेशंट झोपले हायेत, त्याईच्या अंगावर पाडता का?”

आणि मग खेळ.

बाईंचं म्हणणं असं, की मशीन नीट आहे की नाही हे कामावरून कळत नाही, खेळावरून कळतं. कामात माणूस वाट बघतो. खेळात कोणी वाट बघत नाही, जरा अडखळलं की लगेच बोंब मारतो. म्हणून जेवणानंतर धाकट्यावर खेळायचं हा आमच्या कामाचाच भाग होता. अक्षरांचा साप होता, चांदण्यांवर नेम धरायचा होता, इंग्रजीतून गुहेत हिंडायचं होतं. बाई शाल सावरून आमच्या पाठीमागून फिरायच्या, आणि कोणी “बाई, अटकलं!” म्हणालं की त्यांना आत कुठे काय तुंबलं ते कळायचं.

त्यांनी स्वतः लिहिलेला एक खेळ होता, ‘बत्ती गुल’. दोघांनी दोन टर्मिनलवर बसून खेळायचा. घरातली लाइट गेली आहे, घर मोठं आहे, दोघं वेगवेगळ्या खोल्यांत आहेत आणि एकमेकांना शोधायचं आहे. चित्र काही नाही, नुसती वाक्यं, तीही मराठी पण इंग्रजी अक्षरांत. स्वयंपाकघरात आहात, डाव्या हाताला माठ आहे. शेजारच्या खोलीत पाऊल वाजलं. चार बटणांनी चार दिशांना जायचं. ज्याला आधी दुसरा सापडला तो जिंकला.

हा खेळ त्यांनी नवऱ्याला चिडवायला लिहिला होता. ते खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. नागपुरात कुठेही लाइट गेली की आम्ही सगळे बाईंकडे बघायचो, आणि बाई म्हणायच्या, “माह्याकडे काहून पाहून राहिले? घरी गेल्यावर विचारतो त्याईले.” आम्ही त्यांना काका म्हणत असू. सकाळपाळी असली की ते चार वाजता स्कूटरवरून बाईंना न्यायला यायचे. उंच, सावळे, अतिशय कमी बोलणारे. बाईंचं काम कधीच चारला संपत नसे. मग त्या काकांना एका टर्मिनलवर बसवायच्या आणि दोघांचा ‘बत्ती गुल’ सुरू व्हायचा.

काका कधी हलायचेच नाहीत. ज्या खोलीत असतील तिथे बसून राहायचे. बाई भराभर दारं ओलांडत त्यांना गाठायच्या आणि मग चिडायच्या.

“अवो, हला ना जरा! हा काय खेळ झाला?”

“तू येतेच ना वं,” काका म्हणायचे. “मंग मी काहून हलू?”

सगळं ऑफिस हसायचं. बाई लाल व्हायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून खेळ लावायच्या.

एका दिवाळीच्या आधी साहेब वैतागले. बुटीबोरीच्या एका कारखान्याचं मोठं काम मिळण्यातलं होतं, आणि कारखान्याचे लोक ऑफिस बघायला आले तेव्हा भरदुपारी आमच्यातले तिघं साप पळवत होते. ते लोक गेल्यावर साहेबांनी बाईंना बोलावलं. दार उघडंच होतं.

“सगळे खेळ काढून टाका बाई. आजच.”

आम्हाला वाटलं, आता भडका उडणार. बाई म्हणाल्या, “मशीन तुमचं हाये.” परत येऊन त्यांनी एकेक खेळ पुसला. शेवटी ‘बत्ती गुल’ही पुसला. मग शालीनं टर्मिनलची काच पुसली, जिच्यावर काहीच नव्हतं. त्या दिवशी काका आले तेव्हा बाकावर बसून राहिले. बाईंनी काम लवकर आवरलं.

दिवाळी झाली आणि काकांना लकवा झाला.

पाळीवरच होते. उजवी बाजू गेली आणि बोलणं बंद झालं. सहकाऱ्यांनी जीपमध्ये घालून त्यांना आमच्याच खालच्या हॉस्पिटलात आणलं. बाई तिसऱ्या मजल्यावरून धावत खाली गेल्या. पुढचे कितीतरी दिवस त्या जिन्यावरच दिसायच्या, वर येताना नाहीतर खाली जाताना. थोरल्याचं काम त्यांनी एक दिवसही चुकवलं नाही, पण धाकट्याशी बोलणं थांबलं होतं.

जीव वाचला. मात्र काका छताकडे बघत पडून राहायचे. विचारलं तर कधी मान हलायची, कधी नाही, आणि हलली तरी ती हो म्हणून की उगाच, ते कळायचं नाही. डॉक्टर भले होते. बाईंच्या शेजारी बाकावर बसून ते म्हणाले, “त्यांना किती समजतं ते मला आज सांगता येत नाही. तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही आणि आशा सोडा असंही म्हणणार नाही.”

गावाहून काकांचे धाकटे भाऊ आले होते. काटोलकडे त्यांची शेती होती. साधा, राबणारा माणूस. भावाचे पाय दाबत रात्रंदिवस खाटेशी बसलेला. एके दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा ते बाईंना म्हणत होते, “वैनी, दादाले गावाले नेतो मी. तिथं माणसं हायेत, घर हाये. तुमी दिवसभर हापिसात. इथं कोण पाह्यल त्याईले?”

“त्याईले विचारलं का?” बाई म्हणाल्या.

“काय विचारता वैनी! दादाले कुठं समजून राहिलं काही?”

बाई उठल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “चल वं पोरी, वर.”

वर येऊन त्या थेट साहेबांपुढे उभ्या राहिल्या. “त्याईले समजते का नाही, ते पाहाचं हाये मले,” एवढंच म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्या कोणासमोर रडल्या नव्हत्या, तिथेही रडल्या नाहीत, फक्त काका खेळायला बसत त्या टर्मिनलकडे उघड्या दारातून बघत उभ्या राहिल्या. साहेबांनीही तिकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “तो तुमचा खेळ टेपवर असेल ना अजून?”

टेप मी शोधली आणि मीच चढवली. दरम्यान ऑफिसातल्या मुलांनी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून केबल खाली सोडली. साहेब गल्लीत उभे राहून वर बघत “डावीकडे, अजून डावीकडे” असं ओरडत होते. पहिल्या मजल्यावर नर्सबाईंनी खिडकीतून हात काढून केबल ओढून घेतली. काकांच्या खाटेवर जेवणाचं फिरतं टेबल होतं, त्याच्यावर टर्मिनल ठेवलं. दिशांची चार बटणं चटकन दिसावीत म्हणून मी त्यांच्यावर चिकटपट्टीचे तुकडे लावले.

बाई म्हणाल्या, “मी वर बसतो. समोर असली तर ते माह्या तोंडाकडेच पाहतीन.” आणि गेल्या. खाली मी, काकांचे भाऊ, नर्सबाई, आणि राउंडवर आलेले डॉक्टर, तेही थांबले.

पडद्यावर ओळ उमटली. लाइट गेली आहे. तुम्ही माजघरात आहात.

मी काकांचा डावा हात उचलून कीबोर्डवर ठेवला. तो तसाच पडून राहिला. काकांचे डोळे पडद्यावर होते, पण ते वाचत आहेत की नुसते उजेडाकडे बघत आहेत, कोण सांगणार? बराच वेळ गेला. वर बाईही काही करत नव्हत्या. कुठल्याच खोलीत पाऊल वाजलं नाही. नंतर त्यांनी मला सांगितलं, की आपण जाऊन त्यांना शोधलं असतं तर काहीच कळलं नसतं, म्हणून त्या ओसरीत बसून राहिल्या होत्या.

भाऊ हळूच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या ताई. काहून त्रास देता त्याईले.”

तेवढ्यात काकांचं बोट हललं.

एक बटण. स्वयंपाकघर. पुन्हा एक. चुकलं, तिकडे भिंत होती. बोट थांबलं, मग दुसऱ्या पट्टीवर गेलं. देवघर, न्हाणी, पुन्हा माजघर. कपाळावर घाम आला होता. डॉक्टर वाकून पडदा वाचत होते आणि मध्येच “नाही, उजवीकडे असेल” असं म्हणून गेले, आणि नर्सबाईंनी त्यांना गप्प बसवलं. काकांनी आणखी एक दार ओलांडलं. ओसरी. पडद्यावर आलं, तुम्हाला त्या सापडल्या.

वरून धावत उतरल्याचा आवाज आला. बाई अनवाणी आल्या होत्या. शाल कुठेतरी जिन्यात पडली होती. दारात उभ्या राहून धापा टाकत त्या म्हणाल्या, “हलले! अवो, तुमी हलले!”

काकांचं अर्धं तोंड हसलं. भाऊ खाटेच्या दांडीला धरून लहान मुलासारखे रडायला लागले.

डॉक्टरांनी सगळं पुन्हा तपासलं. जीभ आणि उजवी बाजू गेली होती, समज शाबूत होती. बाईंनी बसल्या जागी एक लहानसा प्रोग्राम लिहिला. डावं बटण म्हणजे हो, उजवं म्हणजे नाही. मग त्या दिराला म्हणाल्या, “विचारा आता. तुमीच विचारा. ते म्हणतीन तसं करू.”

मी बाईंकडे पाहिलं. हो आलं तर काय, हे त्यांना नक्कीच माहीत होतं.

भाऊ पुढे झाले. “दादा, गावाले येता का?”

काकांनी डावं बटण दाबलं. हो.

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. माझ्या मनात आलं, हे कशाला केलं आपण? नको होती ती केबल, नको होता तो खेळ. पण बाई म्हणाल्या, “बरं. विचारलं तर ऐकाचं.” त्यांचा आवाज अगदी सरळ होता.

काकांनी हात मात्र मागे घेतला नव्हता. तो कीबोर्डवर काहीतरी शोधत होता. एक अक्षर उमटलं, बऱ्याच वेळानं दुसरं. आम्ही सगळे वाकलो. एच, आर, डी, ए.

“काय म्हणतात?” नर्सबाईंनी विचारलं.

बाईंनी ते मोठ्यानं वाचून पाहिलं, एकदा, दोनदा. आणि मग त्या अशा हसल्या की बाजूच्या खोलीतले नातेवाईक दारात आले. “हुरडा! अवो, हुरडा पाह्यजे यायले! म्हणून गावाले जाते हा माणूस!” मग खाटेवर टेकून त्यांनी विचारलं, “हुरडा खाऊन परत येता ना?”

डावं बटण. हो. आणि कोणी न विचारता पुन्हा एकदा, हो.

पुढचं थोडक्यात सांगते. संक्रांतीनंतर काका नागपूरला परतले. वीज केंद्रात जाणं आता शक्य नव्हतं. बाई रोज त्यांना रिक्षातून ऑफिसात आणायच्या आणि आम्ही खुर्चीत बसवून त्यांना तीन जिने वर न्यायचो. खुर्चीचा एक पाय बहुतेक वेळा साहेबांच्या हातात असायचा. खेळ आता परत आले होते; धाकट्यावर नवी टेप चढली की पहिला खेळ काकांचा. डाव्या हातानं ते इतक्या सावकाश खेळायचे, की आम्हा घाईवाल्यांना कधी न दिसलेल्या चुका त्यांना दिसायच्या. ते आणखी काही वर्षं जगले. जिभेवर शब्द परत आले नाहीत, पण टर्मिनलवर ते पूर्वी तोंडानं बोलत त्याहून जास्त बोलायला लागले, अशी बाईंची तक्रार असायची. मी लग्न होऊन पुण्याला गेले. बाईही आता नाहीत. मशीन अडलं की माझ्या तोंडून अजून वऱ्हाडी निघतं, आणि माझ्या हाताखालची मुलं दचकतात.

पण बाई डोळ्यांपुढे येतात त्या ऑफिसातल्या नाहीत. येतात त्या वर्षीच्या पौषातल्या, काटोलकडच्या शेतातल्या.

काकांच्या भावानं आम्हा सगळ्यांना हुरड्याला बोलावलं होतं. साहेबांच्या गाडीत कोंबून बसून आम्ही गेलो. बाभळीखाली बाज टाकली होती, तिच्यावर तक्क्याला टेकून काका. गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कणसं भाजत होती, भाऊ ती तळहातावर चोळून गरम दाणे आमच्या पुढ्यात टाकत होते. सोबत तिळाची चटणी, गूळ. बाईंना तिथे हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. कीबोर्ड नाही, टेप नाही, कोणी काही बिघडवत नाही. त्या उठायच्या, बसायच्या, काकांची चादर नीट करायच्या, पुन्हा उठायच्या. “बसा वं बाई एका जागी,” बाईंच्या जाऊबाई म्हणाल्या. तशा त्या बाजेच्या कडेला जमिनीवर टेकल्या, डोकं बाजेच्या दांडीला लावलं, आणि आम्ही बघता बघता झोपून गेल्या. दिवाळीपासूनची झोप होती ती. तोंड किंचित उघडं, केस सुटलेले, शाल मातीत.

साहेब काहीतरी सांगत होते, कारखान्याच्या कामाचं. काकांनी डावा हात उचलला आणि बोट ओठांवर ठेवलं. साहेब अर्ध्या वाक्यात थांबले. भावानं कणसं चोळायचा वेग कमी केला, आवाज होऊ नये म्हणून. दाणे मूठभर जमले की काका त्यांतले निम्मे आपल्या चादरीच्या कडेला बाजूला सारायचे, बाईंसाठी, आणि उरलेले खायचे. आम्ही सगळे आराभोवती गोल बसून होतो, हुरडा खात, कोणी कोणाशी न बोलता, दुपार पार कलून जाईपर्यंत.